काकू, तुम्ही भोपळ्याला हात लावला नाहीत म्हणून

ती. काकूंना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं!" म्हणता आणि विषय तूरडाळीच्या भावावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, हॅलोविनसाठी (३१ ऑक्टोबरचा तो सण, पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात) चेहरे कोरलेले नारिंगी भोपळे दारोदार येऊन बसतात, आणि माझ्या पोटात गोळा येतो. कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आठ वर्षांच्या लेकाच्या हातांत जोर कमी, बोटं थरथरतात. शर्टाचं बटण लावायला त्याला वेळ लागतो. वेळ लागतो, एवढंच. जमत नाही असं नाही. हा फरक मला, त्याच्या सख्ख्या आईला, तुमच्या स्वयंपाकघरात बसून कळला.

दोन वर्षांपूर्वी त्याला मुलांच्या एका भोपळे कोरायच्या कार्यक्रमाला नेलं होतं. तिथल्या मदतनीस बाईंनी मिनिटभर पाहिलं, गोड हसल्या, त्याच्या हातातली करवत काढून घेतली आणि भोपळ्यावर चिकटवायला डोळ्यांचे स्टिकर दिले. परत येताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही. त्या बाईंना मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या मोजल्या. पुढच्या वर्षी म्हटलं, घरीच कोरू. आणि मी काय केलं? त्याच्या हातावर हात ठेवला आणि सरळ मीच कापत सुटले. वर "बघ, तू केलंस!" असंही म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "हा तुझा आहे." तेव्हा बोल लावायचाच तर त्या बाईंच्या आधी मला.

यंदाही मी भोपळा आणणार नव्हते. तुम्हीच आणलात, आणि मंगळवारी संध्याकाळी आम्हाला खाली बोलावलंत. ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर भोपळा, शेजारी बोटभर पात्याची ती छोटी करवत. तुम्ही ती त्याच्यासमोर ठेवलीत. मी सवयीने पुढे सरकले तर म्हणालात, "तू बस. आख्ख्या भोपळ्याला बाईने पहिला सुरा लावायचा नसतो, विसरलीस?"

साताऱ्याला आजीच्या घरी हेच चालायचं. भोपळा चिरायचा तर खेळता भाऊ अंगणातून पकडून आणायचे, त्याने एक घाव घातला की मग बाकीचा भोपळा आम्ही बायकांनी चिरायचा. लहानपणापासून मला या रूढीचा राग आहे. पण त्या दिवशी तुम्ही तिला जसं कामाला लावलंत, तसं तिला कुणीच लावलं नसेल. कारण पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे: खुर्चीवर बसलात आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेत. माझ्याकडे पाहून भुवई उडवलीत. मीही ठेवले.

पावणेदोन तास, काकू. दोन डोळे, एक नाक, एक तोंड. करवत अडकायची, तो थांबायचा, श्वास घ्यायचा, परत लावायचा. माझे हात मांडीखाली वळवळत होते. त्याच्या हाताकडे दोघींनी टक लावून बघू नये म्हणून तुम्ही गप्पा लावल्यात. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, तिथली माणसं पोट भरायला इकडे आली तेव्हा त्यांना भोपळा सापडला, कोरायला कितीतरी सोपा. "सलगम म्हणजे नुसता धोंडा गं. तो पोखरणाऱ्यांना किती वेळ लागत असेल? कुणी घड्याळ लावून बसलं होतं का?" हे तुम्ही मला सांगत होतात, पण ऐकत तो होता.

मग भोपळ्याचा एक कोरलेला दात तुटून पडला. त्याचा चेहरा उतरला आणि माझे हात जवळजवळ सुटलेच. तुमचे नाही सुटले. तुम्ही कोपराने टूथपिकची डबी त्याच्याकडे ढकललीत, फक्त कोपराने, आणि गर बाजूला काढू पाहणाऱ्या मला म्हणालात, "याचे घारगे करायला जाऊ नकोस हं, पाणचट असतो मेला." तो डबीकडे बघत राहिला. मग एक काडी दातात खुपसली, दुसरं टोक हिरडीत. दात उभा राहिला, वाकडा.

(घारगे मी केलेच. तुम्ही बरोबर होतात. बिया मात्र तिखटमीठ लावून छान भाजल्या गेल्या.)

माझ्या आजोबांच्या गावी पोस्टात एक कारकून होते. पेन्शनच्या दिवशी आजोबांची सही व्हायला पाच मिनिटं लागत, मागे रांग चुळबुळत असे. ते कारकून तेवढ्यात शाईच्या पॅडचं झाकण पुसत बसायचे, जणू तेच त्यांचं खरं काम. त्यांची मला इतक्या वर्षांनी आठवण झाली. मदतीला धावणारी माणसं खूप भेटतात, आणि बरीचशी चांगलीच असतात. पण दुसऱ्याला त्याचा वेळ घेऊ देणारी? माझ्या हिशोबात तुम्ही दुसऱ्या.

३१ तारखेला तर गंमतच झाली. महाराष्ट्रात २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण आपल्याकडे न्यू जर्सीत अमावास्या गुरुवारी संध्याकाळीच होती, म्हणजे नेमकी हॅलोविनला. तुम्ही भोपळा खालून कापायला लावला होतात ते तेव्हा उपयोगी पडलं. पायरीवर पणती लावली आणि त्याने तो वरून नुसता ठेवला. मी दार उघडून चॉकलेटं वाटत होते, आतून उदबत्तीचा वास येत होता, आणि तो पायरीवर बसून येणाऱ्या प्रत्येक चेटकिणीला आणि सांगाड्याला सांगत होता, "हा दात मी बसवलाय."

यंदा थंडी पडलीच नाही, त्यामुळे भोपळा आठवडाही टिकला नाही. एक डोळा खारीने खाल्ला, बाकीचा आत बसला. त्याला काही वाईट वाटलं नाही. दात तेवढा त्याने काढून ठेवलाय, सुकून पार मनुका झालाय.

तुमची करवत माझ्याकडेच राहिली आहे. तुम्ही डॅलसला लेकीकडे गेलात हे त्याला सांगितलं, तर त्याने विचारलं, "भोपळ्यातून गेल्या का?"

तुमची,
वरच्या मजल्यावरची