त्या कॅसेटची प्रत मिळेल का?

संपादक महोदय,

जगभरातल्या भाषांवर विद्यापीठांत केवढं थोर काम चाललंय, हे सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मरणपंथाला लागलेल्या बोलींसाठी प्राध्यापक मंडळींचा जीव किती तुटतो, ते समजलं. आनंद आहे. फक्त ज्यांच्याकडून या बोली टिपून नेतात, त्यांच्या दारी पुन्हा कुणी फिरकतं का, तेवढं लिहायचं लेखकमहाशयांकडून राहिलं.

माझी आई पालघरकडच्या केळव्याची. दादरला येऊनही घरात वाडवळीच, म्हणजे तिकडच्या वाडवळ समाजाची मराठी बोलीच, बोलायची. नव्वदच्या दशकात एक संशोधक बाई आमच्या खोलीवर आल्या. कुठल्या विद्यापीठाच्या, ते लिहीत नाही. मला अजून त्यांच्याकडून काम करून घ्यायचंय. आईने लग्नातली, हळदीची गाणी म्हटली. टेपमध्ये घरघर येते म्हणून बाईंनी पंखा बंद करायला लावला, तोही मे महिन्यात. चहा झाला, बोंबलाचं कालवण झालं, बाईंनी मिटक्या मारत खाल्लं. ‘काकू, कॅसेटची कॉपी पाठवते हं,’ म्हणून गेल्या त्या गेल्याच. आई वारल्यावर मी त्या विभागात गेलो. कारकुनाने अर्ज मागितला, दिला. मग कळलं की संग्रह फक्त संशोधकांसाठी आहे, मार्गदर्शकाचं पत्र आणा. आईचा आवाज ऐकायला मी या वयात पीएचडीला नाव घालू?

आता गंमत बघा. इंग्रजी अमदानीतल्या ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषा-पाहणीसाठी 1913 ते 1929 या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन-तबकड्या भरल्या गेल्या. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ज्याच्या त्याच्या बोलीत म्हणवून घेतलेली. त्या तबकड्या शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवल्यात. भाचीने मला मोबाइलवर लावून दिल्या. कुणी पत्र मागितलं नाही. याच पाहणीच्या सातव्या खंडात, 1905 साली, वाडवळीचीही नोंद आहे. साहेबाला आम्ही दिसलो होतो. आमच्याच माणसांच्या कपाटाला मात्र कुलूप!

डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण ध्वनिफितींसकट ऑनलाइन खुलं केलंय, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटून झाले. आता बुरशी लागायच्या आत जुन्या कॅसेटी संगणकावर घ्या आणि ज्याचा आवाज त्याच्या घरी एकेक प्रत धाडा. आमच्या कुरिअरचे पैसे मी भरतो.

जाता जाता आपल्यालाही एक विचारायचंय. लेखाशेजारी ‘फाडफाड जर्मन बोला’ अशी अर्धं पान जाहिरात होती. तिला जागा मिळते, मग बोलीभाषांचं शनिवारचं सदर ‘जागेअभावी’ बंद कसं झालं?

आपला जुना वाचक,
दादर, मुंबई