रविवारी लॅब उघडा की हो!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा बेंगळूरला टेक्नॉलॉजी, डिझाईन आणि स्वतःच्या हाताने वस्तू बनवणाऱ्या लोकांची एक मोठी परिषद झाली, तिला जाऊन आलो आणि आपल्या शाळा-कॉलेजांच्या बंद लॅब रविवारी गावाला उघडाव्यात असं वाटलं, म्हणून हे पत्र. बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं जॉबवर्कचं शेड आहे, भाची डिझाईन शिकते, तिनंच हट्टानं तिकीट काढलं आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं घेऊन गेली, नाहीतर तसल्या ठिकाणी आमच्यासारख्यांना कोण बोलवतंय.

खोटं कशाला बोलू, आवडलं मला. कॉलेजची पोरं टेबलावर सोल्डरिंग करत बसलेली, एकानं मातीतला ओलावा बघून पंप बंद करणारं सर्किट केलेलं, विचारलं की सगळं उघडून दाखवतात, कुठला पार्ट कुठून आणला, कितीला पडला, प्रोग्राम पण देतात. असली सर्किटं चालवणारं ते आर्डुइनो नावाचं छोटं प्रोग्रामचं बोर्ड 2005 साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात मिळावं म्हणून बनवलं आणि त्याची ड्रॉईंग सगळ्यांना खुली ठेवली, कोणीही बघून तसंच बनवावं. आमच्या लाईनीत शेजारच्या शेडवाल्याला कटिंग स्पीड विचारला तरी तो विषय बदलतो! ही गोष्ट मात्र आपण त्यांच्याकडून शिकायला पाहिजे असं मला फार वाटलं.

पण स्टेजवरची भाषणं ऐकून डोकं फिरलं. एक साहेब म्हणे ही मेकर चळवळ, म्हणजे स्वतः वस्तू बनवणाऱ्यांची चळवळ, अमेरिकेत सुरू झाली, 2005 ला मासिक निघालं, 2006 ला कॅलिफोर्नियात सॅन मटेओला पहिली जत्रा भरली, आता भारतात ही संस्कृती रुजवायची आहे. अहो रुजवायची म्हणजे काय? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत मेकॅनिकल ड्रॉईंग शिकवत होते, ते पुढे बेळगावात आले आणि सायकलचं दुकान टाकलं, सायकल विकायची, दुरुस्त करायची, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. पुढे इथली जागा सोडावी लागली आणि 1910 ला औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडे त्यांचं नाव रस्त्याला दिलंय, पोरांना विचारा कोण म्हणून, सांगता येत नाही.

दुसरं एक सेशन थ्रीडी प्रिंटिंगवर. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं म्हणून डिझाईन करतानाच माप थोडं वाढवून धरा, हे सांगायला त्यांनी चांगला अर्धा तास घेतला, लोक फोटो काढत होते. आमच्या फौंड्रीतला पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना बनवणारा, हे रोज करतो की. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, त्याची मोजपट्टीच वेगळी असते, वाढीव मापाची, आणि मोल्डमधून पॅटर्न सुटून यावा म्हणून बाजूला हलका उतार देतो, मशिनिंगसाठी अजून थोडं मटेरियल सोडतो. हे सगळं लाकडावर, हातानं. असल्या माणसाला त्या स्टेजवर बसवलं असतं तर हॉल उठून उभा राहिला असता, पण त्याला बोलवणार कोण, त्याला इंग्लिश येत नाही आणि लिंक्डइन पण नाही.

चपलांचं पण तसंच झालं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरी घातलेले मॉडेल चालवले, आधी कोल्हापूरचं नाव नाही, बोंब झाल्यावर मान्य केलं. परिषदेत त्यावर छान स्लाईड होती. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा कायदेशीर हक्क, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव आहे. आमच्या अथणी-निपाणीचा एक कारागीर त्या हॉलमध्ये नव्हता, चहाच्या वेळी मी मुद्दाम फिरून बघितलं.

आता मुद्द्याचं. बेळगावात अशी परिषद भरवा असं मी म्हणत नाही, ती झाली तर हार-तुरे आणि बोर्ड कुठल्या भाषेत यावरच आठवडा जाईल. मला पाहिजे ते साधं आहे. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला 20 लाखांपर्यंत मदत मिळते, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, हत्यारं, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी. आमच्या भागातल्या एका शाळेत अशी लॅब आहे आणि ती कायम कुलपात, कारण मशीन बिघडलं तर जबाबदार कोण! इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडते. इंजिनिअरिंग कॉलेजांची वर्कशॉपं, आयटीआयची मशिनं, ती पण शनिवारी दुपारनंतर बंद.

ही रविवारी गावाला उघडी ठेवा. दुसरीकडं होतंय. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी 1983 ला विज्ञान आश्रम सुरू केला, खेड्यातली पोरं तिथं वेल्डिंगपासून सगळं करून शिकतात आणि 2002 मध्येच तिथं फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांची सगळ्यांना खुली वर्कशॉप, झाली. बेंगळूरला 2015 पासून रिपेअर कॅफे चालतोय, लोक बंद पडलेला मिक्सर, टेबल लॅम्प घेऊन येतात आणि येणाऱ्या माणसानंच बसून दुरुस्त करायचं, जाणता माणूस फक्त बाजूला.

जाणत्या माणसांची आपल्याकडं काय कमी आहे? उद्यमबाग, मच्छेतले रिटायर टर्नर-फिटर, शहापूर-वडगावात लूम दुरुस्त करणारे, खानापूरचे कुंभार, मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, मशीनवर उभे राहिले की एकमेकांचं बरोबर कळतं त्यांना. बरीच मंडळी दुपारी कट्ट्यावर बसून असतात.

धोका आहे, मान्य. लेथवर पोराला एकटं सोडू नये, सैल बाही, ओढणी, अंगठी, हातमोजे काही चालत नाही, चष्मा पाहिजेच. म्हणून पहिले काही महिने लेथ नको, सोल्डरिंग, ड्रिल, करवत, फायलिंग म्हणजे कानस मारणं, मिक्सर-पंखा उघडणं एवढ्यावर सुरू करा. मी रविवारी सकाळी यायला तयार आहे, मानधन नको, माझी मापाची व्हर्नियर आणि कानशी मी घेऊन येईन. कुठली शाळा किंवा कॉलेज तयार असेल तर आपल्या पेपरातूनच कळवावं, माझा पत्ता आपल्याकडं आहे.

आपला,
उद्यमबागेतला एक वाचक, बेळगाव