वंशावळ नको, नोंद द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुलसंमेलनांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. ‘अमुक आडनावाच्या बंधुभगिनींनी संपर्क साधावा’ अशी निवेदनेही असतात. मग त्या आडनावाचा व्हॉट्सॲप गट निघतो आणि महिनाभरात कुणीतरी दहा-बारा पिढ्यांची तयार वंशावळ त्यात टाकतो. लोक हात जोडतात, तिच्या खालच्या टोकाला आपले नाव चिकटवतात आणि पुढे पाठवतात. हौस चांगली, पण या पद्धतीने चुका पिढीजात होतात. वंशावळ म्हणजे कुणीतरी काढलेले निष्कर्ष. ते कशावरून काढले हे कळल्याशिवाय तपासता येत नाहीत, आणि चार घरांत ती चौकट करून लागली की दुरुस्तीला कुणी तयार होत नाही. आडनावाचा शोध घेणाऱ्यांनी एकमेकांना द्यावी ती नोंद. कागदावरचे शब्द जसेच्या तसे, आणि तो कागद कुठे आहे त्याचा पत्ता.

फरक काय पडतो तो एका नमुन्यावरून पाहू. समजा १९२७ सालच्या एका फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, असे लिहिले आहे: ‘मयत खातेदार गोविंद बिन रामजी याचे वारस मुलगे १ रामचंद्र २ विष्णू ३ पांडू अज्ञान पालनकर्ती आई सखुबाई कोम गोविंद.’ वंशावळीत याचे ‘गोविंद (मृत्यू १९२७), मुलगे तीन’ एवढेच होते आणि त्यातही एक चूक शिरते. १९२७ हे फेरफार मंजूर झाल्याचे वर्ष आहे, मृत्यूचे नव्हे. कर्ज काढायचे किंवा जमीन विकायची वेळ आली की मगच वारस लावले जात, त्यामुळे माणूस पाच-दहा वर्षे आधी गेलेला असू शकतो. मूळ शब्द हातात असले तर आणखी बरेच हाती लागते. ‘बिन’वरून बापाचे नाव, ‘कोम’वरून नवऱ्याचे. पांडू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणजे जन्म साधारण १९०९ नंतरचा. सखुबाई त्या वेळी हयात. मुलींचा उल्लेख नाही, पण त्यावरून मुली नव्हत्या असे म्हणता येत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असताना अशा नोंदीत मुली सहसा येतच नसत. मराठवाड्यात आणि विदर्भात ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ आणि ‘कोम’च्या जागी ‘जौजे’ दिसेल. ‘अ. पा. क.’ आणि ‘ए. कु. क.’ ही अक्षरे पाहून पुष्कळांना ते आडनाव वाटते. पहिले अज्ञान पालनकर्ता, दुसरे एकत्र कुटुंब कर्ता.

कोतवाल बुकातली (गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीतली) जन्मनोंद मिळाली की लोक हरखतात आणि लगेच हिरमुसतात, कारण बाळाचे नावच नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, गाव, जात, तारीख, बस्स. नोंद बारशाआधी व्हायची, त्याला इलाज नाही. अशा वेळी त्या बापाच्या दहा-पंधरा वर्षांतल्या सगळ्या नोंदी ओळीने काढायच्या आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या भावंडांशी क्रम जुळवायचा. शाळेतली तारीख मात्र जपून वापरावी. १ जूनला जन्मलेल्यांची महाराष्ट्रात जी गर्दी आहे ती मास्तरांची कृपा आहे. पोराला पहिलीत बसवायचे तर वय भरलेले हवे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांतले असे जुने कागद चाळले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांची पाने चढली. आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, कुळाचा शोध घेणाऱ्याने ती पाने पाहिलीच पाहिजेत. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही काही जिल्ह्यांचे जुने फेरफार थोडे शुल्क भरून मिळतात. जुना जिल्हा कोणता होता याचे भान ठेवावे. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात.

मोडी कागदांची देवाणघेवाण करताना पूर्ण पानाचा फोटो, हव्या त्या ओळींचा जवळून फोटो, ओळीस ओळ देवनागरी लिप्यंतर आणि वाचणाऱ्याचे नाव, असे चारही द्यावे. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नावांच्या वाचनात दोन जाणकारांचेही मतभेद होतात. नुसते आजच्या मराठीतले ‘भाषांतर’ आले तर मतभेदाला जागाच उरत नाही.

तारखा मूळ कालगणनेतच लिहून घ्याव्यात आणि इसवी सन शेजारच्या रकान्यात मांडावा. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. शकात ७८ मिळवायचे हे सर्वांना ठाऊक असते, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ लागतात हे विसरले जाते. शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतल्या, मृगापासून सुरू होणाऱ्या सनात) ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. फसलीत (महसुलाच्या सनात) ५९० किंवा ५९१. दोन्ही सन सरकारी कागदांत असल्याने फसलीला शुहूर समजले की माणूस नऊ वर्षांनी पुढे सरकतो. शुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि एकक आधी येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. पानिपतची लढाई याच सनातली, १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे ६०० मिळवून ताळा बसतो. सलास म्हणजे तीन आणि सलासीन म्हणजे तीस, सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. यांची गल्लत झाली की नातू आजोबांच्या आधी जन्मतो.

आता आडनावाविषयी. ‘कर’ लावलेले आडनाव गाव सांगते, कूळ सांगत नाही. बहुधा ते गाव सोडल्यानंतर पडलेले असते. पेणेत राहणाऱ्याला पेणकर म्हणून काय ओळख पटणार? कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांची पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे पाहिली की मुद्दा लगेच पटतो. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी हे हुद्दे आणि व्यवसाय, तिथे तर नुसत्या आडनावावर नाते जोडणे म्हणजे पोस्टातल्या सगळ्या पोस्टमनांना भाऊ ठरवणे. आडनावे बदललीही आहेत. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, नाना फडणीस मूळचे भानू. तेव्हा शोधाच्या पहिल्या पत्रात आडनावाबरोबर मूळ गाव (मौजे, तर्फ, परगणा यांसह, कारण वडगावे आणि पिंपळगावे ढिगाने आहेत), गोत्र किंवा देवक, कुलदैवत आणि वतन असल्यास ते, इतके कळवावे. कुलदैवतही एकटे पुरत नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांची कुलदेवी आहे. त्यापेक्षा कुलाचार विचारावा: नवरात्र अष्टमीला उठते की नवमीला, बोडण (देवीचा एक कुलाचार) आहे का, गोंधळ कोणत्या कार्यानंतर घालतात. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला एकच प्रश्न विचारावा, ‘त्या घरचे सुतक आपण किती दिवस धरतो?’ दहा दिवस म्हणाल्या तर भाऊबंदकीचा धागा आहे, भले तो कागदावर अजून सापडलेला नसो.

या सगळ्या गटांत सर्वांत वाया जाणारी गोष्ट म्हणजे सुना आणि लेकी. एकाच आडनावाचे लोक आपापसांत माहिती फिरवत राहतात आणि तीच चूक फिरून परत येते. खरी तपासणी दुसऱ्या आडनावाच्या अभ्यासकाकडून होते. आपल्या कुलवृत्तांतात सुनेपुढे ‘माहेर’ लिहिलेले असते, त्यांच्या कुलवृत्तांतात त्याच बाईपुढे ‘सासर’. दोन्ही घराण्यांनी माहिती स्वतंत्रपणे जमवलेली असेल तर हे दोन वेगळे साक्षीदार झाले. म्हणून प्रत्येक कुलमंडळाने सुनांची यादी माहेरच्या आडनावानुसार लावून ती त्या त्या आडनावाच्या मंडळाला पाठवावी आणि त्यांच्याकडून लेकींची मागवावी. जुळवताना बाईच्या नावावर जाऊ नये, ते लग्नात बदललेले असते. तिच्या वडिलांचे पूर्ण नाव, नवऱ्याचे पूर्ण नाव आणि दोन्ही गावे जुळली तरच खूण करावी. पहिली बायको गेल्यावर तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न झालेले असेल तर माहेर एकच आणि बायका दोन, तेव्हा मुलांच्या जन्मसालांवरून आई ठरवावी लागते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायच्या चालीमुळे ‘रामचंद्र गोविंद’ एकाच घरात एकाआड एक पिढीला येतात आणि नकलताना दोन पिढ्या गळतात. तिथेही सुनेचे माहेरच सोडवते.

दत्तकाचे तसेच. एकच माणूस जनक घराण्याच्या आणि दत्तक घराण्याच्या अशा दोन्ही वंशावळींत असतो, पुष्कळदा वेगळ्या नावाने. दोन्हीकडे ठेवावा, एकीकडे ‘दत्तक गेला’ आणि दुसरीकडे ‘दत्तक आला’ असे लिहून, मुले मात्र एकाच ठिकाणी मांडावी. इनामाच्या कागदांतल्या वंशावळी या बाबतीत विशेष सांभाळून वाचाव्यात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणारी, चौकशी बसली तेव्हा इनामदारांनी कैफियतींबरोबर वंशावळी दाखल केल्या. त्या इनाम टिकवायला केलेल्या होत्या. हक्क ज्या शाखेतून आला ती शाखा ठळक, बाकीचे भाऊ गायब.

अनेकांच्या नोंदी एकत्र करताना प्रत्येक माणसाला क्रमांक द्यावा लागतो. मूळपुरुष १, त्याचे मुलगे १.१, १.२ ही पद्धत सोपी आहे. पण पुढे एक थोरला मुलगा नव्याने सापडला की लोक सगळ्यांचे क्रमांक बदलतात, आणि मग जुन्या पत्रव्यवहारातला १.२ म्हणजे कोण हे कुणालाच कळत नाही. क्रमांक एकदा दिला की दिला. नव्याला पुढचा मोकळा क्रमांक, जन्मक्रम वेगळ्या रकान्यात. कागदाने सिद्ध झालेला दुवा सलग रेषेने जोडावा, तोंडी माहितीचा तुटक रेषेने. पिढ्यांचा हिशेबही करून पाहावा. तीनशे वर्षांत थोरल्या पातीत तेरा पिढ्या आणि धाकट्या पातीत नऊ होऊ शकतात, पण दर पिढीची सरासरी अठराच्या खाली किंवा चाळिसाच्या वर गेली तर एक नाव जास्तीचे घुसले आहे किंवा गळले आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या) वह्या हे मोठे साधन आहे, कारण तिथे यात्रेकरूने स्वतः भाऊ, मुले, पुतणे सांगितलेले असतात. उपाध्याय आधी मूळ गाव विचारतात, आडनाव नंतर. तिथेही सगळी नामावळ उतरवून घ्यावी, फक्त ‘आपली’ ओळ नको. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांकडून विचारणा आली तर आडनावापासून सुरुवात करून उपयोग नाही, तिथे पुढे वडिलांचे नावच आडनाव झालेले पुष्कळ आहेत. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदवहीतला स्थलांतरित क्रमांक, जहाज, जिल्हा आणि गाव आधी मागवावे.

हयात माणसांची माहिती मात्र गटांवर फिरवू नये. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव या दोन गोष्टी बँका ओळख पटवायला विचारतात आणि आपण त्या सुबक तक्त्यात छापून वाटतो. हयात व्यक्तीचे नाव आणि क्रमांक पुरे. काही घरे माहिती द्यायला कां-कूं करतात त्यांनाही दोष देऊ नये. जमिनीचा दावा चालू असतो, किंवा पाटाच्या लग्नाबद्दल (विधवेच्या पुनर्लग्नाबद्दल) घरात अजून बोलले जात नाही. अशांना पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंतचेच विचारावे.

आपल्याला एक विनंती. कुलसंमेलनाचे निवेदन छापताना आडनावाखाली मूळ गाव, तालुका, गोत्र किंवा देवक आणि कुलदैवत अशी एक ओळ आयोजकांकडून मागून घ्यावी. नुसत्या ‘कुलकर्णी बंधूंनी संपर्क साधावा’ या निवेदनावर शेकड्याने फोन येतात आणि त्यातले भाऊबंद कोण हे शोधण्यातच आयोजकांचे वर्ष जाते.

आपला,
कुलवृत्तांताचे काम करणारा एक वाचक, सातारा