घरातल्या पिल्लालाही सोळा आठवड्यांनंतरचा डोस हवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागच्या आठवड्यात घरात वाढणाऱ्या मांजराच्या पिल्लांवर लेख आला होता. खाणं, खेळ, मातीची पेटी यांविषयी त्यात आलेली माहिती नीट आणि उपयोगाची आहे. लसीकरण मात्र दोन ओळींत उरकलं आहे. जे पिल्लू उंबरा ओलांडत नाही त्याला बहुतेक लशी लागत नाहीत आणि द्यायच्याच तर दोन डोस पुरतात, असा त्या ओळींचा आशय. नेमकी हीच समजूत बाळगून मी चार वर्षांपूर्वी एक पिल्लू गमावलं, म्हणून हे पत्र.

भुऱ्या आणि सोनी एकाच आईची पिल्लं. सात आठवड्यांची असताना आमच्याकडे आली. आठव्या आठवड्यात तिहेरी लशीचा, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन आजारांवरच्या लशीचा, पहिला डोस झाला, बाराव्या आठवड्यात दुसरा. दवाखान्यात लसकार्डावर ‘पूर्ण’ असं लिहून मिळालं. पुढची तारीख दिलेली नव्हती आणि मीही विचारली नाही. पिल्लं बाहेर जाणारच नव्हती. तीन आठवड्यांनी एका सकाळी भुऱ्याने वाटीकडे पाठ फिरवली. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या, रात्री जुलाब. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून तो नुसता बसून राहायचा, पीत नव्हता. हा आजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते बसणं विसरता येत नाही. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. पॅनल्युकोपेनिया, पांढऱ्या पेशी संपवणारा मांजरांचा विषाणूजन्य आजार. सलाइन, उलट्या थांबवणारी इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सगळं झालं. पण खुद्द विषाणूला मारणारं खात्रीचं औषध या आजारावर नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. सोनीला काहीही झालं नाही.

एकाच आईची, एकाच दिवशी तीच लस टोचलेली दोन पिल्लं. मग एक वाचलं आणि दुसरं का नाही? हा प्रश्न मला फार दिवस छळत राहिला. उत्तर आईच्या चिकात होतं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, त्याच्या रक्तात येतात. हे त्याचं पहिलं कवच. पण हीच प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाही शत्रू समजून निकामी करतात. पिल्लाचं स्वतःचं शरीर काही शिकण्याआधीच लस वाया जाते. कोणी चीक जास्त प्यायलेलं असतं, कोणी कमी. त्यामुळे एकाचं कवच आठव्या आठवड्यात विरतं, दुसऱ्याचं सोळाव्यापर्यंत आणि कधी त्याही पुढे टिकतं. मधे काही दिवस असे येतात की उरलेली प्रतिपिंडं आजार रोखायला अपुरी पडतात, पण लस बिघडवायला पुरेशी असतात. भुऱ्या बहुधा त्याच दिवसांत सापडला.

पहिल्या डोसाला बळ यावं म्हणून दुसरा देतात, असं मी समजत होते. पिल्लांच्या या लशीत तसं नसतं. आधीचा डोस आईच्या प्रतिपिंडांनी खाल्ला असेल तर हा तरी लागू पडावा, म्हणून प्रत्येक डोस हा नवा प्रयत्न असतो. जगभरच्या पशुवैद्यांची संघटना डब्ल्यूएसएव्हीए हिची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच डोसांच्या संख्येपेक्षा वयावर भर देतात: सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक डोस, आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यावर. एखादं पिल्लू त्यातूनही सुटलं असेल म्हणून आणखी एक डोस २६ आठवड्यांच्या सुमाराला. हा डोस पूर्वी वर्षाचं झाल्यावर देत. तो अलीकडे आणण्याचं कारण साधं आहे, ज्याला लस लागलीच नाही त्याने आणखी सहा महिने उघडं का राहावं? कार्डावरचे दोन शिक्के मोजून ‘पूर्ण’ म्हणणं म्हणूनच चूक. शेवटच्या डोसाच्या दिवशी पिल्लाचं वय किती होतं, हे पाहायला हवं.

आता ‘घरातच असतं’ या मुद्द्याबद्दल. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पार्व्हो जातीचा. आजारी मांजराच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि घरातल्या तापमानात वर्षभरही तग धरू शकतो. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल त्याला मारत नाही, नेहमीची बरीचशी जंतुनाशकंही नाही. चपलांच्या तळव्याला, पिशवीच्या बुडाला, कपड्यांना चिकटून तो आत येतो. आमच्याकडे आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या एका नातेवाइकांनी त्यांच्याकडचं आजारी पिल्लू हाताळलं होतं आणि त्यांच्या पिशवीत भुऱ्या तासभर खेळला होता. तिथूनच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मांजर बाहेर जात नसलं तरी आपण रोज जातो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नंतर भांडी, फरशी, पेटी एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी या प्रमाणात धुतली. आधी साबणाने घाण काढायची आणि मग ब्लीच किमान दहा मिनिटं राहू द्यायचं, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. गाद्या टाकून दिल्या.

तिहेरी लशीतले उरलेले दोन आजार म्हणजे हर्पीस आणि कॅलिसी, लोकांच्या भाषेत मांजरांची सर्दी. या बाबतीत ही लस पक्की भिंत नाही, संसर्ग तरीही होऊ शकतो. पण आजार सौम्य राहतो. हर्पीस तर एकदा शिरला की नसांमध्ये दडून जन्मभर राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं, ताण पडला की पुन्हा डोकं वर काढतो. अनेक पिल्लांना तो आईकडूनच मिळालेला असतो. म्हणजे कडीकुलपात ठेवलेल्या पिल्लालाही तो त्रास देऊ शकतो. डोळे चिकटलेलं, नाक बंद झाल्याने वासच न येणारं आणि म्हणून खाणं सोडलेलं पिल्लू पाहिलं की ‘साधी सर्दी’ म्हणवत नाही.

तेव्हा तिहेरी लस प्रत्येक पिल्लाला, घर कितीही बंदिस्त असलं तरी. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रेबीजची गोष्ट वेगळी. तो चपलांवरून येत नाही, चाव्यातून येतो. ज्या भागात रेबीज नाही तिथे घरातल्या मांजराला ही लस लागेलच असं नाही. पण जिथे आहे तिथे ती टाळण्यात अर्थ नाही. दार क्षणभर उघडं राहतं, खिडकीतून वटवाघूळ आत येतं, मांजर त्याच्यामागे धावतंच. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार माणसाला काय किंवा प्राण्याला काय, जवळजवळ नेहमीच मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं त्याने दगावतात. त्यांतली बहुसंख्य कुत्र्याच्या चाव्याने, हे खरं. तरी लस न दिलेल्या मांजराने कोणाला ओरबाडलं किंवा चावलं तर पुढची भीती घरभर पसरते. १२ आठवड्यांनंतर एक डोस, वर्षाने दुसरा, पुढे लशीच्या प्रकाराप्रमाणे आणि तिथल्या कायद्याप्रमाणे.

खरा विचार करावा लागतो तो मांजरांच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताचा कर्करोग आणू शकणाऱ्या विषाणूवरच्या, लशीचा. हा विषाणू लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, आईचं दूध. अंगाबाहेर तो फार टिकत नाही, त्यामुळे चपलांची भीती इथे नाही. पण लहान पिल्लं त्याला सगळ्यात लवकर बळी पडतात, वय वाढेल तशी प्रतिकारशक्ती वाढते. म्हणून जिथे हा आजार आढळतो तिथे पहिल्या वर्षात ही लस द्यावी असं आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात. आज घरात असलेलं पिल्लू सहा महिन्यांनी गच्चीवरून पसार होणार नाही, याची हमी कोण देणार? मोठं झाल्यावर ते खरोखरच एकटं आणि घरातच राहत असेल तर ही लस थांबवता येते. आधी रक्ताची चाचणी मात्र हवी, कारण आईकडून विषाणू आलाच असेल तर लशीचा काही उपयोग नाही. घरात मोठं मांजर असेल तर त्याचीही चाचणी करून घ्या. माझ्या मते हे लशीहूनही आधीचं काम आहे.

क्लॅमिडिया आणि बोर्डेटेला या डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रास देणाऱ्या जिवाणूंच्या लशी घरातल्या एकट्यादुकट्या पिल्लाला लागत नाहीत. एफआयपी या मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराची लस देण्याची शिफारस डब्ल्यूएसएव्हीए करतच नाही.

लस टाळणाऱ्यांमध्ये काही जण आळसाने नव्हे, भीतीने टाळतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. टोचलेल्या जागी मांजरांना क्वचित सार्कोमा हा कर्करोग होतो. १९९१मध्ये हे पहिल्यांदा डॉक्टरांच्या ध्यानात आलं. साधारण १०,००० मांजरांत एक, असं प्रमाण नेहमी सांगितलं जातं. ही शक्यता धरूनच आता लस मानेच्या मागे न देता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत देण्याचा सल्ला दिला जातो. गाठ झालीच तर शस्त्रक्रियेने काढणं जमावं म्हणून. टोचल्यानंतर चार दिवस लहानशी गाठ राहणं, पिल्लू मलूल होणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असली, तर तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा. आणि चेहरा सुजला, धाप लागली तर त्याच मिनिटाला दवाखान्यात. पहिल्या डोसानंतर अर्धा तास तिथेच थांबावं हे उत्तम.

याच कारणाने दर वर्षी सगळ्या लशी पुन्हा टोचण्याच्याही मी विरोधात आहे. पिल्लूपणाची मालिका नीट झाली असेल तर घरातल्या मोठ्या मांजराला तिहेरी लस तीन वर्षांतून एकदा पुरते. पॅनल्युकोपेनियापुरती प्रतिपिंडांची चाचणी करूनही ठरवता येतं. वर्षातून एकदा डॉक्टरांनी मांजर तपासणं वेगळं, ते चुकवू नये. सोनीची तपासणी दर वर्षी होते, टोचणं होत नाही.

माझी विनंती एवढीच की त्या लेखातली ‘दोन डोस’ ही ओळ दुरुस्त करून, आठवड्यांच्या हिशेबासह, शक्य तर पुढच्याच अंकात छापावी. तो लेख वाचून निश्चिंत झालेल्या कोणाच्या तरी घरात आज तेरा-चौदा आठवड्यांचं पिल्लू असेल आणि त्याच्या कार्डावर ‘पूर्ण’ लिहिलेलं असेल. त्यांना अजून तारीख घेता येईल.

आपली नियमित वाचक