आधी कान देणाऱ्या मिस्त्री काकांना

आदरणीय मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या गॅरेजमध्ये गर्दी होती आणि मलाही निघायची घाई होती, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या गाडीतल्या आवाजाचं कारण तुम्ही कसं शोधलंत, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या होंडा सिटीला बाहेरून घेतलेले नवे अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले आणि पुढच्या डाव्या बाजूने टक् टक् ऐकू यायला लागली. गाडी हळू असली की स्पष्ट, वेग घेतला की टायरच्या घरघरीत बुडून जायची. एका ठिकाणी सस्पेन्शनचा लिंक रॉड गेलाय म्हणाले, दुसरीकडे पुढच्या चाकांची दोन्ही बेअरिंग बदलायचं एस्टिमेट मिळालं. गाडीत बसून आवाज मात्र कोणी ऐकला नाही. आईला घेऊन कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला माझं नेहमीच जाणं-येणं असतं. उतारावर, वळणावर तो आवाज आला की आई दाराची मूठ घट्ट धरून बसायची.

तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. शेजारच्या सीटवर बसलात, काच खाली केलीत आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून गाडी सावकाश न्यायला सांगितलीत, म्हणजे भिंतीवर आपटून आवाज आत येतो. मग गाडी न्यूट्रल करायला लावलीत. इंजिनचा वेग उतरला, टक् टक् होती तशीच राहिली. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. बेअरिंग गेलं की बहुधा घूं असा सलग आवाज येतो आणि वळणावर भार बदलला की तो कमी-जास्त होतो, हे तुम्ही तिथेच समजावलंत. चाक फिरवणाऱ्या ॲक्सलचा जॉइंट वाजतो तो मुख्यतः स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर. आमची टक् टक् तर सरळ रस्त्यावरही होती.

मग तुम्ही टक् टक् मोजायला लागलात. आमच्या टायरचा घेर सुमारे 1.9 मीटर, म्हणजे ताशी 20 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण तीन फेरे घेतं. आवाजही तेवढेच येत होते, फेऱ्याला एक. आधी टायरच्या खाचांत खडा अडकलाय का पाहिलंत, ब्रेकच्या डिस्कमागचा पत्रा घासतोय का तेही पाहिलंत. दोन्ही नव्हतं. तेव्हा तुम्ही ते चाक काढून त्या जागी स्टेपनी लावलीत, जुन्याच नटांनी. आवाज बंद! एक रुपयाचाही पार्ट न बदलता बेअरिंग, लिंक रॉड, ॲक्सल सगळे निर्दोष सुटले. मला तुमच्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

त्यानंतर नट माझ्या हातात देऊन तुम्ही जे दाखवलंत ते मी आता भेटेल त्याला सांगते. होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचे नट लागतात आणि त्या चाकांना तेच योग्य. बाहेरच्या बहुतेक अलॉयची बैठक, म्हणजे नट टेकतो ती जागा, मात्र 60 अंशांच्या शंकूची असते, आमच्याही तशीच होती. अलॉय बसवणाऱ्या दुकानाने जुनेच नट वापरले होते. नरसाळ्यात गोटी टाकली की ती फक्त एका गोल रेषेवर टेकते, तसं झालं होतं. अलॉयच्या भोकांत ती बारीक चकचकीत रेघ दिसत होती, कडेला ॲल्युमिनियमची काळी भुकटी. पाना फिरवताना नट घट्ट लागतो, पण पकड धरत नाही. हळूहळू सैल होऊन चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागावर, किंचित सरकतं आणि वाजतं. तसंच चालवत राहिलं तर बोल्ट तुटून चाक निखळू शकतं, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. आई शेजारीच उभी होती.

चारही चाकांच्या बैठका तपासून तुम्ही एम 12, 1.5 पिचचे (12 मिमी बोल्टचे, 1.5 मिमी अंतराच्या आट्यांचे) शंकूच्या बुडाचे नट लावलेत. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढलात. एअर गनने कचकन आवळण्याऐवजी समोरासमोरचे नट आळीपाळीने, किती जोर लावला ते मोजणाऱ्या टॉर्क पान्याने 108 न्यूटन मीटरला घट्ट केलेत. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावलंत आणि त्याचे पैसे घ्यायला साफ नकार दिलात.

काका, बेअरिंगचं बिल लावलं असतंत तर मी मुकाट्याने भरलं असतं. तुम्ही तुमचा भरगर्दीतला वेळ आमच्यासाठी दिलात. मनापासून आभार.

स्टेपनीचं चाक कंपनीचंच आहे, म्हणून जुने नट तुम्ही आठवणीने डिकीत ठेवायला लावलेत. ते जागेवर आहेत. आमच्या शेजाऱ्यांनीही सिटीला बाहेरचे अलॉय घातलेत आणि नट जुनेच आहेत. आवाज अजून नाही, तरी त्यांना सोमवारी तुमच्याकडे पाठवतेय.

तुमची,
डाव्या चाकाच्या टक् टक्‌वाली सिटी चालवणारी