डायनोसॉर नव्हे, मासाही नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इक्थिओसॉर या केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या कवटीचा फोटो छापलात, बरं वाटलं. पण खाली ओळ ‘समुद्रातला डायनोसॉर’, आणि मजकुरात दोनदा ‘हा मासा’. निपाणीत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, गप्प बसवेना.

तुमच्याच फोटोत नाकपुडी बघा. चोचीसारख्या लांब जबड्याच्या शेंड्याला नाही, डोळ्याच्या अगदी पुढ्यात आहे. ती श्वासाची वाट. हा प्राणी फुप्फुसांनी हवा घ्यायचा, त्यासाठी वर यायचा आणि पाण्यातच पिल्लं घालायचा. जात सरपटणाऱ्यांची, पण डायनोसॉरच्या घराण्यातली नव्हे. 1811 साली इंग्लंडात लाइम रेजिसला जोसेफ ॲनिंगला अशी कवटी सापडली, तेव्हा लोक तिला मगरीची समजले. बाकीचा सांगाडा पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीनं, मेरीनं शोधला. तेव्हा चुकलेले तुम्ही पहिले नाही!

डोळ्याच्या खोबणीतल्या हाडाच्या कड्याबद्दल मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. टेम्नोडोंटोसॉरस या इक्थिओसॉरचा डोळा सुमारे 25 सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. एवढ्या डोळ्याचा आकार टिकवायला हे कडं. तसलंच कडं कोंबडीच्या डोळ्यातही असतं. वर्गात दाखवायला मी बाजारातल्या चिकनवाल्याकडून मुंडकी आणायचो. “सर, मुंडकी कशाला? लेग पीस न्या की,” म्हणायचा. डोळा उकळून मऊ झाला की चिमट्यानं अलगद सोलायचा. नखाएवढ्या पातळ पत्र्या एकीवर एक चढलेल्या निघतात, बहुधा चौदा. काळ्या कागदावर चिकटवलेलं एक कडं अजून काडेपेटीत आहे. हे एकदा बघितलेलं पोर त्या कवटीला मासा म्हणणार नाही.

आपल्याकडे कवटी शोधायला मात्र कुणी पोरांना पाठवू नका. निपाणीचा काळा दगड लाव्हाचा, आणि गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून पडतो तो पहिला मासा जन्मायच्या कितीतरी आधीचा. त्यावरच्या लाटांच्या खुणा ‘माशाचं हाड’ म्हणून दरवर्षी कुणीतरी दप्तरातून आणायचंच. खरा इक्थिओसॉर बघायचा तर कच्छकडे जावं लागेल. तिथे लोडाईजवळ सापडलेला जवळजवळ अख्खा सांगाडा 2017 मध्ये जगापुढे आला. अंदाजे साडेपाच मीटरचा.

फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी. काडेपेटी हवी असल्यास कळवा, पण परत द्यावी लागेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, निपाणी