मुलांना देशप्रेम शिकवताना

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

17 सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातील शाळांमध्ये मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांची आणि समूहगीतांची तयारी सुरू होते. मुलांनी हा दिवस उत्साहाने साजरा करावा, असे आम्हालाही मनापासून वाटते. मात्र देश आपल्याकडून नेमके काय मागतो, याविषयी मुलांशी बोलणे या धावपळीत राहून जाते आणि ते काम आधी घराचे आहे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे माहेर जालन्याचे आणि सासर आंध्रातील गुंटूरकडील लुथेरन परंपरेचे, म्हणजे सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे. उपासनेला आम्ही इथल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत जातो. पण घरी मुले ल्यूथर यांची 1529 मधील लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणारी पुस्तिका, शिकतात. बायबलच्या दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा (आम्ही ती चौथी मोजतो, इतर बहुतेक प्रोटेस्टंट पाचवी) समजावताना ल्यूथर इतर अधिकाऱ्यांचाही मान राखायला सांगतात. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीचा अर्थ सांगताना तर ते अन्न, वस्त्र, शेत आणि गुरेढोरे यांच्याच ओळीत चांगले शासन, चांगले हवामान, शांतता आणि विश्वासू शेजारी यांनाही बसवतात. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या भागातील मुलांना हा अर्थ फार लवकर उमगतो. देश हे देवाने दिलेले दान आहे आणि म्हणून त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याचे कायदे पाळावेत, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. तिरंग्याला वंदन करताना किंवा राष्ट्रगीताला उभे राहताना आमच्या मुलांच्या मनात कधी संकोच आला नाही. उपासना मात्र एका देवाचीच, हेही त्यांना ठाऊक आहे.

अवघड प्रश्न आला तो मोठ्या मुलीकडून. सत्तेचा मान राखायचा असेल, तर निजामाच्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेल्यांचा आपण गौरव कसा करतो, असे तिने विचारले. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यामुळे उस्मानिया विद्यापीठातून काढले गेलेले विद्यार्थी असोत किंवा 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले कार्यकर्ते असोत, या सर्वांनी राज्यकर्त्याची आज्ञा मोडलीच होती. याचे उत्तर आम्हाला 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राच्या, म्हणजे लुथेरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याच्या, सोळाव्या कलमात मिळाले. ख्रिस्ती माणसाने शासनाचे आणि कायद्याचे पालन करावे, परंतु शासन पाप करायला सांगेल तेव्हा माणसांपेक्षा देवाचे ऐकावे, असे ते कलम सांगते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार चालू असताना गप्प राहणे हे आज्ञापालन ठरले नसते, असे आम्ही तिला सांगितले.

ही बाजू आमच्या परंपरेने नेहमी सांभाळली, असे मात्र नाही आणि मुलांपासून ते लपवू नये, या मताची मी आहे. 1525 च्या शेतकरी उठावात खुद्द ल्यूथर यांनी सरदारांच्या तलवारीची बाजू घेतली. 1933 नंतर जर्मनीतील अनेक प्रोटेस्टंट पाळकांनी राष्ट्राच्या नावाखाली हिटलरचे स्वागत केले. त्याच देशातील लुथेरन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी मात्र त्या राजवटीला विरोध केला आणि एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. देशावर अधिक प्रेम कोणाचे होते, हे मुलांनी स्वतः ठरवावे, म्हणून आम्ही त्यांना दोन्ही गोष्टी सांगतो.

शाळांना माझी विनंती एवढीच आहे की, 17 सप्टेंबरला पाठ केलेल्या भाषणांबरोबर मुलांना असे प्रश्न विचारायलाही वेळ द्यावा आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणी ज्यांच्या घरांत अजून सांगितल्या जातात, अशा आपल्याच गावातील कुटुंबांना उत्तरे देण्यासाठी बोलवावे.

आपली विश्वासू,
एक पालक, जालना